आयोवा पोल: वर्षभर आधीचे आकडे कितपत घ्यावेत?

'डी मॉइन रजिस्टर' या अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या वृत्तपत्राचा आयोवा पोल, म्हणजे मतदार पाहणी, रिपब्लिकन कॉकसच्या (पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडणाऱ्या स्थानिक सभांच्या) आधी सगळेच चाळत आले आहेत. माल चांगला आहे, पण तारीख बघून घ्यावा.

मे २०१५ च्या पाहणीत उमेदवारीच्या शर्यतीतले स्कॉट वॉकर १७ टक्क्यांवर पहिले होते. सप्टेंबरात ते शर्यतीतूनच बाहेर पडले. ऑक्टोबरात बेन कार्सन २८ आणि ट्रम्प १९. फेब्रुवारी २०१६ ला प्रत्यक्ष कॉकसमध्ये कार्सन चौथे! शेवटच्या पाहणीतही ट्रम्प २८, टेड क्रूझ २३ होते आणि जिंकले क्रूझच. कारण सरळ आहे: कॉकसला थंडीत, ठरल्या वेळी, स्वतः जावं लागतं. फोनवर 'नक्की किंवा बहुतेक जाणार' म्हणणारा प्रत्येकजण घराबाहेर पडतोच असं नाही, आणि चर्चच्या जाळ्यातला, क्रूझकडे झुकलेला इव्हँजेलिकल (धर्मनिष्ठ प्रोटेस्टंट ख्रिस्ती) मतदार हमखास पडतो.

पुढच्या निवडणुकीआधी, ऑगस्ट २०२३ च्या पाहणीचा नमुना ४०६ जणांचा, म्हणजे संभाव्य चूक वर-खाली ४.९ टक्क्यांपर्यंत, तीही प्रत्येक उमेदवाराच्या आकड्यात. तेव्हा ट्रम्प ४२ आणि डीसँटिस १९ हे अंतर खरं मानता येत होतं. खालच्या पाच-सहा टक्केवाल्यांचा क्रम नाही. जानेवारी २०२४ ला ट्रम्प ४८, निकी हेली २०, डीसँटिस १६ असा अंदाज आला. निकालात ट्रम्प ५१ वर गेले, पण हेली आणि डीसँटिस यांची जागा उलटली.

आमची पद्धत: पहिला आकडा सोडून आधी 'दुसरी पसंती' आणि 'मत अजून बदलू शकतं' हे रकाने वाचावेत. बातमीच्या मथळ्यात ते सहसा नसतात.