राष्ट्रीय पुरस्कार की मिफचा सुवर्ण शंख?

डॉक्युमेंट्रीवाल्या दिग्दर्शकानं आधी काय बघावं, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार की मिफचा (मुंबई इंटरनॅशनल फिल्म फेस्टिव्हल) सुवर्ण शंख, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस? राष्ट्रीय पुरस्कारात नॉन-फीचरला दिग्दर्शनाचं वेगळं बक्षीस आहे, सुवर्ण कमळ मिळतं, पण गंमत अशी की तिथे डॉक्युमेंट्री आणि कथा सांगणारी शॉर्टफिल्म एकाच रांगेत, म्हणजे ६५ व्या वेळी हे बक्षीस नागराज मंजुळेला ‘पावसाचा निबंध’साठी मिळालं आणि ती काय डॉक्युमेंट्री नव्हे (फिल्म भारीच आहे, ते सोडा). शिवाय सेन्सॉर सर्टिफिकेट पाहिजेच. मिफ १९९० पासून मुंबईत, दोन वर्षांनी एकदा, तिथे डॉक्युमेंट्रीची स्पर्धा वेगळी आणि फिल्म थेटरात लोकांसमोर लागते, तेही सरकारीच म्हणा, २००४ ला भारतीय फिल्मना सेन्सॉर सर्टिफिकेट मागितलं म्हणून केवढा राडा झाला, फिल्मवाल्यांनी ‘विकल्प’ नावाचा स्वतःचा वेगळा फेस्टिव्हल काढला. तरी डॉक्युमेंट्रीवाल्यानं आधी मिफच बघावं. घरच्यांना मात्र राष्ट्रपतींसोबतचा फोटोच लागतो!