कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या किराणा दुकानाचं पूरकिट (पूरग्रस्तांना द्यायचं बांधलेलं सामान) घेतलं, कसं वाटलं ते सांगतो

मी प्रयाग चिखलीचा, आता राहायला राजारामपुरीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं (धोका पातळी ४३ ची), २०२१ ला तर ५६ पण ओलांडली, आणि दोन्ही वेळेला आमचं गावातलं घर पाण्यात होतं. त्यामुळं पूरग्रस्तांसाठी कोण काय विकतंय म्हटलं की मी जरा बारकाईनं बघतो.

२०१९ ला मदत लई आली. कुठनं कुठनं टेम्पो आले, त्या माणसांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण त्यात जुन्या कपड्यांची गाठोडी एवढी की शेवटी रस्त्याकडेला चिखलात ढीग लागले. माझी आई दोन दिवस ओल्या साडीवर होती आणि त्या ढिगात तिला अंगाला लागेल असं एक धड लुगडं मिळालं नाही. बायकांना पाहिजे होते आतले नवीन कपडे, पॅड, आणि ते मागणार कुणाकडं? बिस्किटं महिनाभर पुरतील एवढी, पण पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ आणि अख्ख्या गल्लीत खराटा एक नाही. कोल्हापूर शहरात तर चहूकडं पाणी आणि प्यायला थेंब नाही, कारण उपसा केंद्रंच बुडालेली, टँकरमागं घागरी घेऊन पळायचं.

आता मूळ विषय. सप्टेंबर २०२५ ला सीना नदीला पूर आला, माढा, परांडा त्या बाजूचे लोक अडकले, तेव्हा आमच्या तालमीनं, म्हणजे गल्लीतल्या मंडळानं, ठरवलं की आता आपली पाळी. वर्गणी काढली आणि लक्ष्मीपुरीतल्या एका किराणा दुकानात गेलो, ते किट बांधून देतात असं ऐकलेलं. दुकानदार काकांनी पैशाचं बोलायच्या आधी विचारलं, "तिथलं पाणी उतरलंय का अजून हाय?" मला तिथंच पटलं. कारण पाणी असताना चूल पेटत नाही, तेव्हा तांदूळ देऊन काय करणार, तेव्हा चुरमुरे, फुटाणे, पाण्याच्या बाटल्या, मेणबत्ती, काडेपेटी. उतरल्यावर मग तांदूळ, आटा, तूरडाळ, तेल, मीठ, तिखट, चहा-साखर, आणि वेगळं एक सफाईचं बांधतात त्यात खराटा, फावडं, फिनेल, ब्लीचिंग पावडर. काकांचं स्वतःचं गोदाम २०१९ ला भिजलेलं, म्हणून एवढं कळतं त्यांना. पॅडचं पाकीट आणि साबण प्रत्येक किटमध्ये न सांगता घालतात.

पैसे क्यूआरवर टाकायचे. माझा पुतण्या हिंजवडीत बसून पाच किटचे पैसे टाकून मोकळा झाला, त्याला बिलाचा आणि बांधलेल्या मालाचा फोटो व्हॉट्सअपवर आला. टेम्पो आमचा आम्ही केला, पण भरायला दुकानातली पोरं रात्री अकरापर्यंत थांबली, वेगळी हमाली घेतली नाही. दर म्हणाल तर बाजारभावापेक्षा थोडा कमीच.

तक्रार एकच. पहिल्या खेपेला पिशव्या पातळ होत्या, वाटेत फाटल्या आणि मीठ-साखर एकत्र झालं. सांगितल्यावर दुसऱ्या खेपेला शिवलेल्या पोत्यात दिलं. आणि हे दुकान आहे, संस्था नाही, त्यामुळं करसवलतीची (८० जी ची) पावती मिळणार नाही. ती पाहिजे असेल तर मुख्यमंत्री सहायता निधीला ऑनलाइन पैसे भरा, त्यात १०० टक्के वजावट आहे, पण जुनी कररचना घेतली असेल तरच, आणि २००० च्या वर रोख दिलं तर धरत नाहीत. मी दोन्हीकडं देतो. एका अ‍ॅपवरनं पण दिलेले एकदा, तिथं अ‍ॅपवाल्यांना टीप म्हणून आधीच जादा रक्कम लावून ठेवलेली, मला पैसे कटल्यावर कळलं. असल्या ठिकाणी शेवटचं बटण दाबायच्या आधी आकडा वाचा.

माझं स्पष्ट मत आहे की किट, निधी हे सगळं नंतरचं. नदीकाठच्या गावात बोट आणि लाइफ जॅकेट जूनमध्येच येऊन पडली पाहिजेत, आणि चालवणारी पोरं गावातलीच तयार पाहिजेत, कारण एनडीआरएफ पोचायला पण रस्ता लागतो आणि २०१९ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता. तालमीच्या वर्गणीतनं या वर्षी आम्ही जॅकेटं घेणार आहे.

दुकानात ५० च्या वर किट पाहिजे असतील तर आदल्या दिवशी सकाळी सांगा, दुपारी एक ते चार बंद असतं. पोतं मागून घ्या, पिशवी नको.