एकसारख्या आकड्यांचे घड्याळ

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. घरी सोडताना डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहायला सांगितले होते. दंडाला पट्टा आवळला की अण्णा वैतागत. हे सोसायटीतल्या मोफत तपासणी शिबिरात एका विक्रेत्याच्या कानावर गेले आणि त्याने "दादा, पट्ट्याची कटकटच नको, हे दिवसरात्र बीपी सांगतं," असे म्हणत एक मनगटी घड्याळ 6,500 रुपयांना आमच्या गळ्यात मारले. पावती फोनवर येणार होती. ती आजतागायत आलेली नाही.

दोन महिने वही सुंदर भरत गेली. 118/76, 121/78, 119/77. रात्रभर जागरण झाले, फिजिओथेरपीने दमछाक झाली, एकदा गोळी चुकली, तरी आकडा जागचा हलला नाही. अण्णांचे डोके जड व्हायचे तेव्हा आम्हीच त्यांना वही दाखवून गप्प केले, याची आज लाज वाटते.

डॉक्टरांनी वही चाळली आणि पहिला प्रश्न विचारला, "हे मोजलंत कशावर?" धडधाकट माणसाचे बीपीही दिवसभरात बरेच वरखाली होते, मग झटक्यातून उठणाऱ्या माणसाचे इतके शहाण्यासारखे कसे बसेल? त्यांनी डाव्या, म्हणजे चांगल्या हाताला पट्टा बांधून दोनदा मोजले, तेव्हा 162/94 आले. मेंदूच्या इजा झालेल्या भागात रक्तप्रवाह समतोल ठेवण्याची अंगची यंत्रणा दुबळी होते, त्यामुळे दाबातले चढउतार थेट तिथवर पोहोचतात, असे त्यांनी समजावले. वरच्या आकड्याची सरासरी बरी दिसली, तरी एका तपासणीपासून दुसरीपर्यंत तो फार हेलकावत असेल तर पुन्हा झटका येण्याचा धोका वाढतो, हे ऑक्सफर्डचे मेंदूविकारतज्ज्ञ पीटर रॉथवेल यांनी 2010 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले होते. म्हणजे जे पाहायचे होते, नेमके तेच हे घड्याळ झाकत होते.

घरी आल्यावर मी ते अण्णांच्या घडी घातलेल्या पंच्याला बांधले. हिरवा दिवा लुकलुकला आणि पंच्याचे बीपी 120/77 निघाले. पट्ट्याविना बीपी दाखवणाऱ्या मान्यताप्राप्त घड्याळांनाही अधूनमधून पट्ट्याच्या यंत्राशी जुळवून घ्यावे लागते. आमच्या घड्याळाने असे कधी मागितलेच नाही, आणि आम्हालाही शंका आली नाही.

विक्रेत्याचा फोन बंद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, मात्र पावती नसल्याने हातात केवळ पैसे पाठवल्याचा पुरावा आहे. आता आम्ही चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबतो, अण्णांना पाठीला आधार देऊन पाच मिनिटे शांत बसवतो, हात छातीच्या पातळीला ठेवतो आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजतो. या आठवड्याच्या वहीत 148, 131, 156, 139 असे वरचे आकडे आहेत. ते पाहून डॉक्टरांनी औषध बदलले आहे आणि पुढच्या सोमवारी वही पुन्हा मागवली आहे.