दुबईचा हुकूमनामा, जळगावची दरखास्त आणि एक वकिली कार्यालय

दुबईत भाजीपाल्याचा घाऊक व्यापार करणाऱ्या माझ्या चुलतभावाने उधारीच्या वसुलीचा निकाल तिथल्या न्यायालयातून मिळवला खरा, परंतु देणेकरी तोवर यावल तालुक्यातील आपल्या गावी परतला होता. भावाचा मुखत्यार म्हणून मी हे काम जळगावातील एका वकिली कार्यालयाकडे सोपवले. पुढे तक्रारही असल्याने त्याचे नाव देत नाही.

याआधी दुसरीकडे मला ‘इथे नव्याने दावाच लावावा लागेल’ असे सांगण्यात आले होते. निकाल अमेरिकेचा असता तर ते बरोबर होते, कारण तिथल्या निकालाच्या आधारे तीन वर्षांच्या आत इथे स्वतंत्र दावा करावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीला मात्र केंद्र सरकारने १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने परस्पर मान्यतेचे राज्यक्षेत्र (म्हणजे ज्याचे न्यायालयीन हुकूमनामे इथे मानले जातात असा देश) ठरवले असल्यामुळे, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ नुसार दुबईच्या हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, थेट जिल्हा न्यायालयात दाखल करता येते.

या कार्यालयातील वकीलबाईंनी रकमेकडे पाहण्याआधी समन्सच्या बजावणीचे पान उघडले. निकाल एकतर्फी होता, आणि गुणदोषांवर न दिलेला किंवा नैसर्गिक न्याय डावलून दिलेला परकीय निकाल कलम १३ मुळे इथे टिकत नाही. समोरचा वकील बोट ठेवणार ते तिथेच. न्यायालयाने नेमलेल्या हिशेबतज्ज्ञाच्या अहवालाची चर्चा निकालात झाली आहे, म्हणजे तो पुरावा पाहून गुणदोषांवरच दिलेला आहे, हे अरबीच्या भाषांतरातून हुडकून त्यांनी त्या परिच्छेदांवर पेन्सिलीने खुणा केल्या. माझ्या मते फी वसूल झाली ती इथेच. प्रमाणित प्रतीसोबत, हुकूमनाम्यापैकी किती रक्कम आधीच वसूल झाली याचे दुबईच्या न्यायालयाचे प्रमाणपत्रही लागते, हे त्यांनी पहिल्याच भेटीत लिहून दिले.

व्यवहाराची बाजू मात्र ढिली आहे. भाषांतराचा खर्च फीमध्ये धरलेला नाही, हे बिल हाती आल्यावर कळले. पुढची तारीख पक्षकाराला कळवण्याची पद्धतच नाही. ती मी ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर पाहतो. त्याहून खटकले ते सातबाऱ्याचे. उताऱ्यावर देणेकऱ्याबरोबर त्याच्या भावांचीही नावे आहेत, त्यामुळे जप्ती येईल ती केवळ त्याच्या हिश्श्यावर, आणि हा उतारा कार्यालयाने दरखास्त दाखल झाल्यानंतर मागितला.

तरीही आखातातला निकाल घेऊन आलेल्या कोणी खाजगीत विचारले, तर मी हेच कार्यालय सुचवेन. फक्त फी आणि भाषांतराचा खर्च वकीलपत्रावर सही करण्याआधी लेखी घ्यायला सांगेन.