मदत पिल्लांवर खर्चावी की मक्यावर?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, बैलहोंगल भागात बचत गटांना कुक्कुटपालनासाठी मदत द्यायची म्हटलं की आधी पिल्लं आठवतात. त्यात चूक नाही. बेंगळुरूतल्या हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली गिरिराज जात परसात छान तगते, खरकटं-किडे खाऊन वाढते. पण हे दहा-पंधरा कोंबड्यांपर्यंतच. शंभर झाल्या की परस पुरत नाही, खाद्य विकत आणावं लागतं आणि खर्चातला 60-70 टक्के वाटा तेच खातं.

दुसरा मार्ग म्हणजे तोच पैसा मका वाळवायला पक्कं खळं, कोरडी साठवण आणि गटाची भरडणी यंत्रं यांत घालणं. कोंबडीच्या खाद्यात मुख्य हेच, मका आणि सोयाबीन, आणि दोन्ही इथलीच पिकं. मक्यात प्रथिनं जेमतेम 8-9 टक्के, अंडी देणाऱ्या कोंबडीला 16 टक्क्यांच्या वर लागतात. म्हणून सोयाबीनची पेंड हवीच, शिवाय अंड्याच्या कवचासाठी शिंपल्यांचा भुगा.

खरी गोम दाण्यातल्या ओलाव्यात आहे. काढणीला परतीचा पाऊस गाठतो. दाण्यात 13-14 टक्क्यांहून जास्त ओल राहिली की बुरशी धरते, तिच्या विषानं कोंबडीचं यकृत बिघडतं, अंडी घटतात. आमची आजी दाणा दाढेखाली धरायची. कट्ट वाजला तरच पोतं शिवायचं.

माझा कौल मक्याला. मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) एका साथीत पिल्लांची खुराडी रिकामी होतात, खळं पुढच्या सुगीलाही उपयोगी पडतं. मात्र ज्या घराला गुंठाभरही जमीन नाही, तिथं आधी पिल्लंच द्यावीत, लसीसकट.