पॅलेडियमला साचा कुठला: फेरिटिनचा पिंजरा की टीएमव्हीची काडी?

पॅलेडियमचे बारीक कण उत्प्रेरक म्हणून घडवायला हे दोन साचे: फेरिटिन म्हणजे लोह साठवणारं पोकळ, गोल प्रथिन आणि टीएमव्ही म्हणजे तंबाखूवरचा काडीसारखा विषाणू (टोबॅको मोझेक व्हायरस). आधी टीएमव्हीची बाजू. कण काडीच्या बाहेरच्या अंगावर बसतात, त्यामुळे सुझुकी जोडणीतल्या (पॅलेडियमच्या मदतीने दोन कार्बन जोडणाऱ्या अभिक्रियेतल्या) जाडजूड ॲराइल हॅलाइडलाही धातूपर्यंत मोकळी वाट मिळते. फेरिटिनची दारं जेमतेम 0.3 ते 0.4 नॅनोमीटरची. ॲक्रिलामाइडसारखा लहान रेणू आत सहज जातो. त्याच्या नायट्रोजनवर मोठा गट आला की हायड्रोजनीकरण मंदावतं. उएनो आणि वातानाबे यांच्या गटाने 2004 मध्ये हे दाखवलं होतं. तेव्हा मोठे रेणू हाताळायचे असतील तर फेरिटिनच्या वाटेला न गेलेलं बरं.

पण टीएमव्हीची मोळी होते, आणि आमच्या लेखी निकाल तिथेच लागतो. टेट्राक्लोरोपॅलेडेट हा पॅलेडियमचा क्षार नुसत्या पाण्यात हळूहळू विघटित होतो आणि द्रावण आम्लधर्मी बनतं. टीएमव्हीचा समविद्युत बिंदू 3.5 च्या आसपास. सामू तिकडे सरकला की काड्यांवरचा भार संपतो, त्या एकमेकींना लांबीभर चिकटतात आणि मधला पॅलेडियम त्यांना बांधून टाकतो. चांगलं द्रावण नळीत फिरवलं की रेशमासारख्या लहरी दिसतात. त्या गेल्या आणि तळाशी चोथा आला, की ती खेप गेली समजा. सामू 7 चं 10 मिलिमोलर फॉस्फेट घेतलं, क्षार थेंबाथेंबाने घातला तर मोळी कमी होते, पण पुरती टळत नाही. अल्ट्रासाउंडने सोडवायला जावं तर काड्याच तुटतात. शिवाय मोळीच्या पोटातले कण उत्प्रेरणाला मुकतात, त्यामुळे दोन खेपा सारख्या निघतील याची खात्री नाही.

फेरिटिनही निर्धोक नाही, पण गोळ्याला शेजाऱ्याला टेकायला जागाच कमी. त्याची खोड वेगळी: धातू बाहेरच्या अंगालाही चिकटतो. म्हणून क्षपणाआधी (क्षारातल्या पॅलेडियमचा धातू करण्याआधी) सुटा क्षार वेगळा करणाऱ्या स्तंभातून काढणं टाळू नये. 1 मिग्रॅ/मिलि ॲपोफेरिटिनचे (लोह काढलेल्या फेरिटिनचे) 2.25 मिलि घ्या (0.15 मोलर मीठ, सामू 8), त्यात 10 मिलिमोलर पोटॅशियम टेट्राक्लोरोपॅलेडेटचे सुमारे 235 मायक्रोलीटर घाला. पिंजऱ्यामागे 500 अणू पडतात. तासभर हलकेच ढवळा. एकूण 2.5 मिलि पीडी-10 स्तंभावर चढवा, 3.5 मिलि उतरवून घ्या. मग ताजं, बर्फगार 100 मिलिमोलर सोडियम बोरोहायड्राइड, सुमारे 115 मायक्रोलीटर. पिवळ्याचं स्वच्छ तपकिरी झालं तर काम झालं. नळीच्या भिंतीला काळी पूड दिसली तर धातू बाहेर राहिला होता. युरेनिल ॲसिटेट लावून सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या कड्यात काळा ठिपका दिसायला हवा. 500 अणूंचा कण दोन-अडीच नॅनोमीटरचा भरतो, आणि 8 नॅनोमीटरच्या पोकळीपुढे त्याला वाढता येत नाही. काडीवर असा लगाम नाही.

घोड्याच्या प्लीहेतल्या फेरिटिनचं लोह थायोग्लायकोलिक आम्लाने काढलं असेल तर डायलिसिसमध्ये कंजुषी नको. उरलेलं गंधक पॅलेडियमला मारतं. ई. कोलायमध्ये बनवलेलं मानवी जड साखळीचं फेरिटिन आम्हाला सोयीचं वाटतं: अर्क 65 ते 70 अंशांवर दहा मिनिटं ठेवला की यजमानाची बरीच प्रथिनं गोठून खाली बसतात. त्याला शुद्धीकरणासाठी जोडतात ते हिस्टिडिनचं शेपूट मात्र ठेवू नका, पॅलेडियम आधी तेच धरतो.

उत्प्रेरक सोन्याच्या चिपवर बसवायचा असेल तर गणित बदलतं. सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) घातलेली टीएमव्ही तिथे सोन्याला घट्ट धरून राहते आणि काड्या द्रावणात मोकळ्या नसल्याने मोळीचा प्रश्न फारसा येत नाही. तिथे आम्हीही काडीच घेऊ.