सासऱ्यांना सांभाळताना कामी आलेला सिनेमा

घरात डिमेन्शियाचं (विसरत जाण्याच्या आजाराचं) माणूस असेल तर सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा ‘अस्तु’ जरूर बघा. मोहन आगाशेंचे संस्कृत पंडित लेकीच्या गाडीतून उतरून हत्तीमागे निघून जातात. तो प्रसंग डोक्यात होता म्हणूनच नानांना, माझ्या सासऱ्यांना, मी कधी गाडीत एकटं बसवून दुकानात शिरले नाही. त्यांच्या खिशात नाव-नंबरची चिठ्ठीही तेव्हापासून. सिनेमात माहुताची बायको पंडितांना लेकरासारखं सांभाळते, हे तर मी थेट उचललं. नाना जेवल्याचं विसरून पुन्हा जेवण मागतात तेव्हा ‘आत्ताच जेवलात ना!’ म्हणण्याऐवजी वाटीत चार घास मऊ भात देते, नाना शांत होतात. रात्रपाळीची मावशी न सांगता दांडी मारते तेव्हा काय करायचं, पेन्शनसाठी हयातीचा दाखला कसा काढायचा, हे मात्र शेजारच्या काकूंनीच शिकवलं.